क्रेमोनाहून घरापर्यंत

मिलानच्या मुख्य स्थानकावरून मांतुआकडे जाणारी गाडी सव्वा तासाच्या आसपास क्रेमोनाला पोहोचते. वाटेवर डोंगर नाही, समुद्र नाही. पो नदीच्या खोऱ्यातील सपाट शेते, मक्याचे पीक, गुरांचे लांबट गोठे आणि एका ओळीत लावलेली पॉपलरची झाडे एवढेच दृश्य. इटलीच्या सहलींच्या पत्रकांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस यांच्या पंक्तीत या गावाचे नाव सहसा नसते. लोकवस्ती सत्तर हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तरीही जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे येतात, आठ-दहा दिवस राहतात, आणि परत जाताना त्यांच्याबरोबर माणसाएवढी अवजड पेटी असते.

स्थानकापासून चालत निघाले की थोड्याच वेळात तोराझ्झो हा विटांचा मनोरा समोर येतो. उंची सुमारे ११२ मीटर, आणि वर जायला पाचशेहून अधिक पायऱ्या. पायथ्याशी चौक, चर्च आणि नगरपालिकेची जुनी इमारत. पण या गावाची खरी ओळख चौकात नसून बोळांत आहे. जुन्या घरांच्या तळमजल्यावर, काचेच्या मागे, एखादा कारागीर खिडकीच्या तिरक्या उजेडात लाकूड तासत बसलेला दिसतो. त्याच्या मागे, कपडे वाळत घालावेत तशी, रोगण न दिलेली पांढरी व्हायोलिने तारेवर टांगलेली असतात. अशा शंभराहून अधिक कार्यशाळा आज गावात आहेत. सोळाव्या शतकात आंद्रेआ आमाती याने येथे हा धंदा रुजवला. त्याचा नातू निकोलो आमाती १६३०च्या प्लेगमधून वाचला म्हणून विद्या टिकली. पुढे आंतोनिओ स्ट्राडिवारी आणि ग्वार्नेरी घराणे यांनी तिला कीर्ती दिली. मग दीडशे-पावणेदोनशे वर्षे हा दिवा जवळजवळ विझलाच होता. १९३८ साली येथे वाद्यनिर्मितीची शाळा निघाली आणि गावाला आपला जुना व्यवसाय पुन्हा सापडला. २०१२ साली युनेस्कोने येथील व्हायोलिन घडवण्याच्या पारंपरिक कलेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली.

गाव या वारशाची किती काळजी घेते, याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०१९च्या आरंभी येथील व्हायोलिन संग्रहालयातील जुन्या वाद्यांचे स्वर ध्वनिमुद्रित करायचे होते. ध्वनिग्राहक इतके संवेदनशील होते की रस्त्यावरून जाणाऱ्या बाईच्या टाचांचा आवाजही मुद्रणात उतरे. तेव्हा पाच आठवडे संग्रहालयाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद ठेवण्यात आले आणि महापौरांनी नागरिकांना शांतता पाळण्याची विनंती केली. मुद्रित झालेल्या वाद्यांत स्ट्राडिवारीने १७०० साली केलेला एक चेलोही होता.

चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच घराण्यातले मोठे वाद्य. खुर्चीवर बसून, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभे धरून ते वाजवतात. आवाज पुरुषाच्या भरदार कंठासारखा. मुंबईत २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाल्यापासून पाश्चात्त्य वाद्ये शिकवण्याची सोय वाढली आहे आणि चेलो शिकणारी मुले-मुली आता आपल्याही घरांतून दिसू लागली आहेत. मूल लहान असेपर्यंत भाड्याचा किंवा कारखान्यात बनलेला चेलो चालतो. पण ते या विद्येत खरोखर रमले, की एक दिवस शिक्षक सांगतात, आता चांगले वाद्य हवे. तेव्हा आईवडिलांपुढे जो प्रश्न उभा राहतो तो केवळ पैशांचा नसतो. व्हायोलिन काखोटीला मारून विमानात चढता येते. चेलोची धडच सुमारे ७५ सेंटिमीटर, मान आणि पाय धरून उंची सव्वा मीटरच्या आसपास. वाद्याचे वजन फार नाही, तीन-साडेतीन किलो; पण ते विमानातल्या डोक्यावरच्या कप्प्यात मावत नाही आणि सामानाच्या पोटात टाकावे तर जीव टांगणीला लागतो. क्रेमोनात चेलो विकत घेणे हा व्यवहाराचा पूर्वार्ध. तो घरी आणणे हा उत्तरार्ध, आणि तोच अवघड.

पूर्वार्धाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण व्यापारी घरांतील वाचकांना तो आपला वाटेल. येथे दुकानात शिरून, भाव करून, अर्ध्या तासात बाहेर पडणे अशी खरेदी होत नाही. ग्राहक चार-पाच कार्यशाळा फिरतो. प्रत्येक ठिकाणी एक-दोन तयार वाद्ये असतात, कारण एक चेलो घडवायला कारागिराला काही महिने लागतात आणि किंमतही त्याच कारागिराच्या व्हायोलिनच्या दुपटीच्या आसपास असते. तबलीला आल्प्सच्या फिएम्मे खोऱ्यातील स्प्रूस, पाठीला बहुधा बाल्कन प्रदेशातील मेपल, बोटे फिरवायच्या काळ्या पट्टीला आबनूस. सत्तरहून अधिक तुकडे हाताने जोडलेले. सुज्ञ कारागीर वाद्य दोन-तीन दिवस वाजवून पाहू देतो. मोठ्या खोलीत, लहान खोलीत, सकाळी, रात्री. खरेदीदाराने कान स्वतःचे वापरावेत आणि बरोबर एखादा जाणकार वादक न्यावा.

आणि चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. वाद्याच्या पोटात, तबलीवरील वळणदार फटीतून दिसेल अशी, कारागिराच्या नावाची एक छापील चिठ्ठी डकवलेली असते. एकोणिसाव्या शतकापासून जर्मनी, बोहेमिया, फ्रान्स येथील कारखान्यांतून निघालेल्या हजारो स्वस्त वाद्यांत स्ट्राडिवारीच्या नावाच्या चिठ्ठ्या डकवलेल्या आहेत. फसवण्याचा हेतू दर वेळी असेच असे नाही. हा नमुना कोणाचा, एवढेच सांगायचे असे. पण आजोबांच्या माळ्यावर स्ट्राडिवारी सापडला म्हणून हर्षभरित होणाऱ्यांची संख्या अजूनही कमी होत नाही. जिवंत कारागिराकडून नवे वाद्य घ्यायचे तर त्याच्या सहीचे प्रमाणपत्र, वाद्याची छायाचित्रे आणि वापरलेल्या लाकडांची नावे लिहिलेले बीजक, हे तीन कागद हाती आल्याखेरीज उरलेली रक्कम देऊ नये.

स्ट्राडिवारीच्या घरातही एक कापडाचा व्यापारी होता, हे आपल्या वाचकांना आवडेल. त्याचा धाकटा मुलगा पाओलो याने बापाची रंधा-पटाशी उचलली नाही. त्याने कापडाचा धंदा केला. आंतोनिओ १७३७ साली गेला तेव्हा घरात न विकलेली वाद्ये होती. पाओलोने ती अनेक वर्षे सांभाळली आणि अखेर आयुष्याच्या शेवटी, १७७५च्या सुमारास, उरलासुरला माल, साचे आणि नकाशेही काउंट कोझिओ या तरुण सरदाराला विकायचे ठरवले. सौदा पुरा होण्यास त्याचा मुलगा लागला. याच सुमारास बापाने खास नक्षीकाम करून ठेवलेला वाद्यांचा संच ब्रांबिला नावाच्या धर्मगुरूच्या हातून माद्रिदला, स्पेनच्या युवराजाकडे गेला. कोझिओने घेतलेले साचे आणि हत्यारे पुढे हात बदलत राहिली आणि १९३० साली जुझेप्पे फिओरिनी या कारागिराच्या दानाने क्रेमोनाला परत आली. आज ती संग्रहालयात काचेमागे आहेत. आजोबांचा तराजू किंवा पहिली रोजकीर्द जपणाऱ्या घरांना हे लाकडी साचे पाहून वेगळे सांगावे लागत नाही.

पण मोठे वाद्य परदेशात विकत घेऊन घरी आणण्याची सर्वांत थरारक कथा एका फेरीवाल्याची आहे. लुईजी तारिझिओ हा उत्तर इटलीतला गरीब सुतार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो खेडोपाडी, मठांतून हिंडे आणि जुने, धूळ खात पडलेले व्हायोलिन दिसले की त्याच्या बदली नवे, चकचकीत व्हायोलिन देई. घरमालक खूश, तारिझिओही खूश. १८२७ साली तो आपला माल पोत्यात घालून पॅरिसला पोहोचला. मळक्या कपड्यांतला हा माणूस पाहून तेथील व्यापारी हसले. पोते उघडल्यावर हसणे थांबले. त्यानंतर तो पॅरिसला येत राहिला आणि दर वेळी त्याचा भाव वाढत गेला.

त्याच्या आयुष्यातील चेलोची हकिकत इंग्रज कादंबरीकार चार्ल्स रीड याने १८७२ साली लंडनच्या एका वृत्तपत्रात लिहिली. रीड स्वतः जुन्या व्हायोलिनांचा व्यापार करी आणि तारिझिओला ओळखत असे. कादंबरीकाराने थोडा रंग भरला असेल असे धरून चालावे. पण व्यवहाराचे आकडे त्याने व्यापाऱ्याच्या काटेकोरपणे दिले आहेत.

घडले ते असे. पॅरिसचे वाद्यव्यापारी जॉर्ज शानो माल शोधत स्पेनला गेले होते. माद्रिदमध्ये ओर्तेगा नावाच्या कारागिराच्या दुकानाच्या खिडकीत, कडक उन्हात, एका चेलोची सुटी तबली टांगलेली त्यांना दिसली. ती स्ट्राडिवारीची होती. एका प्रतिष्ठित बाईंच्या चेलोची तबली जागोजागी तडकली, म्हणून ओर्तेगाने दुरुस्तीच्या भानगडीत न पडता ती काढून सरळ नवी बसवली होती. शानोंनी ती जुनी तबली सुमारे ४० फ्रँकला घेतली, पॅरिसला नेली आणि दुकानात लावली. मात्र खिडकीत नव्हे, कारण उन्हाने त्या रोगणाचा रंग उडतो हे ते जाणत होते. काही दिवसांनी तारिझिओ तेथे आला. त्याची नजर तबलीवर पडली आणि तेथेच खिळली. शानोंच्या मागे लागून त्याने ती १,००० फ्रँकला मिळवली, आणि बाकीचा चेलो कोठे आहे हेही काढून घेतले.

तारिझिओने थेट माद्रिद गाठले. ओर्तेगाकडून पत्ता मिळाला. बाईंनी स्पॅनिश रीतीने सांगितले, वाद्य आपलेच समजा. विकत मागितल्यावर मात्र सूर बदलला: घराण्यातली वस्तू, पैशाने तिची भरपाई होणार नाही, वगैरे. हे सूर कोणत्याही पेढीवर ऐकू येतात. अखेर आपण चांगला भाव काढला या समाधानात त्यांनी सुमारे ४,००० फ्रँकला चेलो दिला. त्यातली तबली ओर्तेगाची आहे आणि खरी तबली समोर बसलेल्या ग्राहकाकडे आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

खरेदी पुरी झाली आणि खरा प्रवास सुरू झाला. तारिझिओ चेलोची पेटी घेऊन जहाजाने फ्रान्सकडे निघाला. पेटी त्याने क्षणभरही नजरेआड होऊ दिली नाही. बिस्केच्या उपसागरात वादळ उठले. जहाज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळू लागले आणि एक अख्खा दिवस कोण वाचेल याची खात्री नव्हती. तारिझिओ पेटीला मिठी मारून थरथरत बसला. पुढे रीडला हा प्रसंग सांगताना त्याच्या अंगावर काटा येई. आणि त्याचे दुःख एवढेच होते की स्पेनचा तो चेलो थोडक्यात बुडाला असता. त्याच जहाजावर तारिझिओ नावाचा एक मनुष्यही होता आणि तोही बुडाला असता, ही गोष्ट त्याच्या मनाला शिवली नव्हती. रीडने हे थट्टेने नोंदवले आहे. ज्याने कधी आपला माल घेऊन वादळात प्रवास केला आहे, त्याला ती थट्टा वाटणार नाही.

पॅरिसला व्हुईयोम या निष्णात कारागिराने सरसाच्या भांड्याच्या जोरावर जुनी तबली जुन्या धडाशी पुन्हा जोडली आणि चेलो २०,००० फ्रँकला विकला गेला. पाच हजारांचे वीस हजार. पण त्या पंधरा हजारांत माद्रिदच्या फेऱ्या आणि बिस्केची ती रात्र जमेस धरली, तर नफा किती हे ज्याचे त्याने ठरवावे. तारिझिओ १८५४ साली मिलानमधील एका माळ्यावर एकटाच मेला. त्याच्याकडे सुमारे दीडशे वाद्ये निघाली. व्हुईयोम धावत गेला आणि वारसांकडून ती सुमारे ८०,००० फ्रँकला घेतली. हा चेलो आजही वादकांत ‘स्पेनचा बास’ या नावानेच ओळखला जातो. त्या काळी चेलोला बास म्हणत.

एकदा काढलेली तबली पुन्हा जोडता आली, याचे कारण सरस. व्हायोलिनच्या घराण्यातील वाद्ये जनावरांच्या कातड्यापासून बनवलेल्या सरसाने जोडतात आणि तबलीच्या कडांना तो मुद्दाम पातळ लावतात. हवा फार दमट किंवा फार कोरडी झाली, लाकूड ताणले गेले, की जोड सुटतो आणि लाकूड वाचते. सुटलेला जोड तासाभरात पुन्हा चिकटवता येतो; तडकलेली तबली ही मोठी शस्त्रक्रिया ठरते. म्हणून चांगला कारागीर सरसाऐवजी आधुनिक पक्का गोंद वापरायला तयार होत नाही.

आपल्या घरांतून येथे एक अडचण उभी राहते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सरस प्राणिज. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस. रोगणात पुष्कळदा लाख. पूर्वी तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. आज चेलोवर बहुतेक ठिकाणी पोलादी तारा चढवतात, एवढाच फरक पडला आहे. गजाला कृत्रिम केस मिळतात आणि काही वादक ते वापरतात. संपूर्ण कार्बन तंतूंचा चेलोही बनतो. बॉस्टनच्या लुईस लेगीया या चेलोवादकाने त्याचा प्रसार केला. त्याला सरस लागत नाही, पावसाळ्याची भीती नाही, आवाज मोठा. मात्र तो लाकडाचा आवाज नव्हे, असे अनेक वादकांचे मत आहे. तबल्याची पुडी आणि जुन्या सतारींची हाडाची घोडी यांबाबत जो विचार घराघरांत होत आला, तोच येथेही करावा लागतो, आणि तो क्रेमोनाच्या गाडीत बसण्यापूर्वी झालेला बरा. तसा विचार जेवणाच्या ताटापुढेही करावा लागतो. गावाची प्रसिद्ध मिठाई तोर्रोने मध आणि अंड्याचा पांढरा भाग घालून करतात, आणि या भागातील ग्राना पादानो चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. फळे साखरेच्या पाकात मुरवून मोहरीचा झटका दिलेले मोस्तार्दा मात्र आपल्या मुरंब्याची आणि लोणच्याची एकदम आठवण करून देते.

वाद्याच्या पोटात आणखी एक वस्तू असते. तबली आणि पाठ यांच्या मध्ये स्प्रूसची एक लहान काठी उभी असते. ती कशानेही चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने घोडी तबलीवर रेटते, आणि त्या दाबावर ती उभी राहते. तबलीचा कंप ती पाठीपर्यंत नेते. इटालियन भाषेत तिला अनिमा म्हणतात, म्हणजे आत्मा. सर्व तारा एकदम सैल केल्या तर ही काठी पडते आणि धड शाबूत असूनही वाद्याचा आवाज जातो. म्हणून प्रवासात तारा थोड्या उतरवाव्यात, पण पूर्ण कधीच नव्हेत, असे कारागीर पेटी बंद करताना बजावतो. नव्या वाद्याचे रोगण काही महिने कोवळे असते. उन्हात उभ्या गाडीत पेटी ठेवली तर आतल्या मखमलीचा ठसा त्यावर उमटतो, हेही तो सांगतो.

आता उत्तरार्ध. चेलो घरी आणण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली, त्याच्यासाठी विमानाचे तिकीट काढणे. वादकांत ही वाट रूढ आहे. आसन बहुधा खिडकीजवळचे मिळते, आपत्कालीन दरवाजाच्या रांगेतले नाही, आणि पट्ट्याला जोडपट्टा लावून वाद्य बांधतात. भाडे प्रौढ प्रवाशाच्या जवळपास, जेवण अर्थात नाही. अमेरिकन चेलोवादक लिन हॅरेल वर्षानुवर्षे चेलोच्या तिकिटाचे पैसे भरत. त्यांनी चेलोच्या नावाने विमान कंपनीच्या सवलत योजनेत खाते उघडले, तर कंपनीने २०१२ साली चेलोचे खाते तर बंद केलेच, त्यांचेही केले. तिकीट काढताना एकाच गोष्टीत हयगय चालत नाही: प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याची, विमानाच्या प्रकारासह, लेखी मान्यता. मिलानहून आखातापर्यंत एक विमान आणि तेथून मुंबईपर्यंत दुसरे असेल, तर दुसऱ्या टप्प्याचे लहान विमान चेलो नाकारू शकते, आणि ते मध्यरात्रीच्या वेळी, अनोळखी विमानतळावर.

दुसरी वाट सामानाच्या पोटाची. त्यासाठी कडक, आतून गादी भरलेली खास पेटी लागते. बहुतेक विमानतळांवर एका नगाला ३२ किलोची मर्यादा असते. चेलो त्यात बसतो. त्याहून मोठा डबल बास पेटीसह कित्येकदा बसत नाही, आणि त्याला विमानात आसनही देता येत नाही. डबल बास नेणारे वादक आता मान सुटी होणारी वाद्ये करून घेतात.

तिसरी वाट मालवाहतुकीची, आणि येथे व्यापारी घरांचा अनुभव उपयोगी पडतो. हवाई मालाचे भाडे वजनावर नव्हे, तर वजन आणि आकारमान यांतील जे जास्त त्यावर लागते. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागायची. १५० × ७० × ६०ची लाकडी पेटी घेतली तर १०५ किलो. आत सात किलोचा माल, पेटीसह पंचवीस किलो, आणि भाडे एकशे पाचांचे. बाहेरची पेटी लाकडाची असेल तर त्यावर उष्णोपचाराचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, नाहीतर कीड-तपासणीत माल अडकतो. निर्यातीचा माल विक्रेत्याने स्वतः पाठवला तर इटलीचा २२ टक्के व्हॅट आकारला जात नाही. ग्राहकाने हातात नेले तर तो आधी भरून नंतर परत मागावा लागतो. त्यासाठी युरोपातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याला वस्तू आणि बीजक दाखवून नोंद करून घ्यावी लागते, आणि हे सारे खरेदीपासून तीन महिन्यांच्या आत. ही नोंद सामान देण्यापूर्वी करायची, नंतर नव्हे. घाईत हा क्रम चुकतो आणि परतावा बुडतो.

वस्तू कशाची बनली आहे, हे सांगणारा कागदही आता तितकाच महत्त्वाचा झाला आहे. जुन्या गजांच्या टोकाला हस्तिदंताची चकती असे, आणि हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आहे. २०१४ साली न्यूयॉर्कच्या विमानतळावर बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राचे सात गज याच कारणाने अडवले गेले. दंड भरल्यावर ते परत मिळाले. गजासाठी उत्तम मानले जाणारे ब्राझीलचे पेर्नांबुको लाकूड २००७ पासून संरक्षित यादीत आहे. नव्या चेलोबरोबर गज घेताना टोक कशाचे, लाकूड कोणते, हे बीजकावर लिहून घेणे म्हणूनच शहाणपणाचे. मुंबईला उतरल्यावर रेड चॅनेलने जाऊन बीजक दाखवावे आणि शुल्क भरून पावती घ्यावी. ही पावती जपून ठेवावी लागते. पुढे मुलगी त्याच चेलोसह परदेशी शिकायला गेली, तर निघतानाच सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना स्वतःच्याच वाद्यावर पुन्हा शुल्क भरायची पाळी येत नाही.

विमानतळावर सारे सुरळीत पार पडल्यावर माणूस गाफील होतो, आणि घात तेथेच होतो. १९९९च्या ऑक्टोबरात प्रख्यात चेलोवादक यो-यो मा न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीतून उतरले आणि १७३३ साली व्हेनिसच्या मोंतान्यानाने केलेला चेलो गाडीच्या डिकीत राहिला. किंमत सुमारे पंचवीस लाख डॉलर. भाड्याची पावती त्यांनी घेतली होती. तिच्यावरून पोलिसांनी त्याच दिवशी टॅक्सी शोधून काढली.

जुलैत मुंबईची हवा ऐंशी-नव्वद टक्के दमट असते. आल्प्सच्या थंडीत वाढलेले लाकूड ती हवा पिते, फुगते, तारा पट्टीपासून उंच जातात, आणि एखाद्या रात्री तबलीच्या कडेला टक् असा आवाज होतो. जोड सुटलेला असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा थरकाप होतो. कारागिराने सरस का वापरला ते त्याला तेव्हा कळते. दमटपणा मोजणारे साधे घड्याळ पेटीत आणि आर्द्रता शोषणारे यंत्र खोलीत, एवढ्या सोयीने बहुतेक भागते. शक्य असेल त्यांनी खरेदीच ऑक्टोबरनंतरची ठरवावी, म्हणजे पहिल्या पावसाळ्यापर्यंत वाद्य घराला आणि घर वाद्याला सरावते.

घरी पोहोचल्यावर पेटी लगेच उघडायची नसते. एक दिवस ती तशीच खोलीत ठेवतात, म्हणजे आतली थंडी हळूहळू निघते. घरातली लहान मुले या एका दिवसात दहा वेळा विचारतात. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून आधी बॅटरीच्या उजेडात, तबलीवरील फटीतून, आतली काठी उभी आहे ना ते पाहायचे. मग खुंट्या थोड्या थोड्या पिळत तारा चढवायच्या, गजाला राळ लावायची, आणि सर्वांत जाड तारेवरून तो पहिल्यांदा ओढायचा. तो आवाज खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जातो.